अर्थभेद आणि पंक्तिभेद

खेड्यात काम करणाऱ्या उपदेशकास एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. विचारणारा तो कधी थट्टेने विचारतो, कधी मनापासून. तो म्हणतो, तुमचे शास्त्र एक, तारणारा एक, मग तालुक्याच्या गावी तुमची उपासनामंदिरे तीन कशासाठी? एकात तान्ह्या लेकराच्या मस्तकावर पाणी शिंपडतात, दुसऱ्यातले लोक जाणत्या माणसास नदीत बुडवितात, आणि शास्त्रात असेच आहे असे दोघेही सांगतात. ह्यावर "ते लोक चुकले आहेत" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. "सर्व अर्थ सारखेच" असे म्हणणे त्याहूनही सोपे आहे. ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत, आणि विचारणाऱ्याच्या ते ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

प्रिय वाचकहो, प्रथम शुभवर्तमान ह्या शब्दाकडेच पाहू. वर्तमान म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची बातमी. ते मत नव्हे, नियमांची यादी नव्हे. करिंथ येथील मंडळीत पौलाचे, अपुल्लोसाचे, केफाचे असे तट पडले होते. त्याच मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल ती बातमी थोडक्यात मांडतो: ख्रिस्ताचे आमच्या पापांकरिता मरण, त्याचे पुरले जाणे, तिसऱ्या दिवशी त्याचे उठणे, आणि ज्यांना तो दिसला त्यांची साक्ष. ही बातमी आपण सांगितली काय किंवा इतर प्रेषितांनी सांगितली काय, ती एकच, असे तो तेथे स्पष्ट करतो. बातमी एक आहे. तिच्यापासून काय काय निष्पन्न होते हे समजून घेणे हे मनुष्याचे काम आहे, आणि मनुष्याची समज कमीअधिक असावयाचीच. खुद्द शुभवर्तमानाचे ग्रंथ चार आहेत. वधस्तंभावर लावलेला लेखदेखील चारही ठिकाणी शब्दशः सारखा नाही. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या विद्वानाने चारांचे मिळून एक पुस्तक केले, व ते सिरियातील मंडळ्यांत पुष्कळ काळ वाचले जात असे. तरी मंडळीने शेवटी चारही साक्षी वेगवेगळ्याच राखल्या. आमच्या मते तिने फार शहाणपण केले.

मग वाटेल तो अर्थ चालेल काय? ह्याचा निर्णय करण्यास पौलाच्या दोन पत्रांतील दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावे. दोहोंचा विषय एकच, तो म्हणजे जेवण. रोम येथील मंडळीत काही जण केवळ शाकभाजी खात, काही जण सर्व काही खात. काही जण विशिष्ट दिवस पाळीत, काहींना सर्व दिवस सारखे. पौलाचे स्वतःचे मत खाणाऱ्यांच्या बाजूचे होते, व ते तो लपवीत नाही. तरीही चौदाव्या अध्यायात तो ते मत कोणावर लादत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये. दोघेही एकाच धन्याचे चाकर आहेत, एवढेच तो सांगतो. हा मनुष्य किती सौम्य, असे आपल्याला वाटते.

परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडताच तोच सौम्य मनुष्य सर्वांसमक्ष पेत्राचा निषेध करताना दिसतो! अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्याने भिऊन अंग काढून घेतले. त्याच्यामागोमाग इतर यहूदी आणि शेवटी बार्णबादेखील वेगळे झाले. लक्षात घ्या, पेत्राने कोणतीही नवी शिकवण दिली नाही, ख्रिस्ताविषयी एक शब्दही वावगा उच्चारला नाही. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर त्याने केवळ आपली पत्रावळ उचलली व ती निराळ्या ओळीत मांडली. त्यालाही शास्त्राचा आधार दाखविता आला असता; शुद्ध व अशुद्ध अन्नाचे नियम लेवीय पुस्तकात सविस्तर आहेत. तरी पौलाने ह्यास शुभवर्तमानाच्या सत्याचा भंग म्हटले. रोममध्ये अन्न दोन प्रकारचे होते, पण बंधुत्व एक. अंत्युखियात पंगती दोन झाल्या. देवाने कृपेने ज्याला जवळ घेतले आहे त्याच्याबरोबर जेवण्यास आणखी एखादी अट पाहिजे, असे ती दुसरी पंगत तोंडाने न बोलता सांगत होती. अर्थभेद सोसता येतो. पंक्तिभेद बातमीच बदलून टाकतो.

हे आपल्या देशात किती खरे ठरले आहे ते तंजावरच्या इतिहासावरून कळते. तेथील जुन्या ल्यूथरन मिशनऱ्यांनी जातिभेद हा केवळ सांसारिक मानपानाचा प्रकार आहे, युरोपात उच्च व नीच कुळे असतात तसा, असा अर्थ लावून तो मंडळीत राहू दिला. उपासनेत बसावयाच्या जागा वेगळ्या, आणि प्रभुभोजनाच्या वेळी वरच्या जातीचे लोक आधी पुढे येत. ते मिशनरी काही वाईट नव्हते. त्यांच्यापैकी कित्येकांनी ह्या देशातच देह ठेवला. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन ह्यांनी पत्र काढून मंडळीतील जातिभेद तत्काळ व कायमचा टाकावा असा हुकूम केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली व पुष्कळ कुटुंबे दुरावली. ज्यांची भक्तिगीते तामिळ मंडळ्या आजही गातात ते वेदनायक शास्त्री हेही जातीच्या चाली राखाव्यात ह्याच मताचे होते. गोड गीते रचणाऱ्या भक्ताची दृष्टीदेखील आपल्या पत्रावळीपाशी अडते, ही गोष्ट आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांनी तामिळ बंधूंस हसण्याकरिता मनात ठेवावयाची नाही. नातेसंबंध जुळविताना पूर्वीची जात कोण विचारतो व का विचारतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

तंजावरचा प्रश्न निदान सरळ होता. जर्मनीतील मारबुर्ग येथील प्रश्न तितका सरळ नाही, कारण तेथे मतभेद खुद्द प्रभूच्या मेजाविषयीच होता. 1529 च्या ऑक्टोबर महिन्यात हेसे प्रांताचा अधिपती फिलिप ह्याने मार्टिन लूथर व झुरिकचा उल्रिख झ्विंग्ली ह्यांस आपल्या गढीत समोरासमोर बसविले. सुधारणेच्या पक्षात फूट राहिली तर शत्रूचे फावेल, ही त्याची चिंता होती. वाद एका लहानशा शब्दावर आला, तो शब्द "आहे". प्रभूने भाकरीस आपले शरीर म्हटले, ते अक्षरशः घ्यावयाचे काय? लूथराने ते प्रभुवचन लॅटिन भाषेत खडूने मेजावर लिहून ठेवले व त्यापासून तो हलेना. झ्विंग्लीचे म्हणणे, प्रभूने स्वतःस द्राक्षवेल म्हटले तेव्हा कोणी पाने शोधीत नाही. तसे येथे "आहे" म्हणजे "दर्शविते". मौज अशी की प्रभू जी अरामी भाषा बोलत असे तीत अशा वाक्यात "आहे" हा शब्द बहुधा उच्चारीतच नाहीत; आपणही मराठीत "हा माझा भाऊ" एवढेच म्हणून थांबतो. अर्थात एवढ्यावरून वाद मिटत नाही.

लूथर हट्टी होता असे म्हणून त्याला निकालात काढू नये. प्रभूचा शब्द आपल्या बुद्धीस पटेल तसा वळवू लागलो तर पुढे कोणता शब्द शाबूत राहील, ही त्याची भीती खोटी नव्हती. आजही जो उपदेशक प्रत्येक अवघड वचनास "हे केवळ अलंकारिक आहे" असे म्हणून सोडून देतो, त्याने ही भीती थोडी बाळगावी. पण शेवटी झाले काय ते पाहा. पंधरा कलमे लिहून काढली. देव, ख्रिस्त, विश्वासाने नीतिमान ठरणे, बाप्तिस्मा, अशा चौदा कलमांवर दोघांचे एकमत झाले; पंधराव्याचाही बराच भाग जुळला; राहिला तो एक मुद्दा. झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून बंधुत्वाचा हात पुढे केला. लूथराने तो घेतला नाही. दोनच वर्षांनी, 1531 साली, झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला. आमचे मत विचाराल तर, शब्द धरून बसण्यात लूथर अंत्युखियातील पौलासारखा दिसत होता, आणि हात मागे घेण्यात मात्र तो पेत्राच्या ओळीत जाऊन बसला.

त्या दोन परंपरांच्या मंडळ्यांना एका मेजापाशी येण्यास 444 वर्षे लागली. 1973 साली स्वित्झर्लंडात बाझेलजवळ लॉयेनबेर्ग येथे युरोपातील ल्यूथरन व रिफॉर्म्ड मंडळ्यांनी करार लिहिला. तो मान्य करणाऱ्या मंडळ्या एकमेकींच्या व्यासपीठावर उपदेश करू शकतात व एकमेकींच्या मेजावर प्रभुभोजन घेऊ शकतात. प्रत्येकीने आपली जुनी मतपत्रे टाकून दिली नाहीत. पूर्वी उच्चारलेले धिक्कार आज समोरच्या मंडळीस लागू पडत नाहीत, एवढे एकमेकींस सांगितले.

आपल्याकडे त्याच्या आधीच, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी झाली. तीत बाळकांस बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि केवळ स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यास बुडवून बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. दोन्ही रीती एका मंडळीत मान्य झाल्या. कोणास आपला शास्त्रार्थ सोडावा लागला नाही. सर्वच आले असे नाही. अमेरिकन परंपरेची मेथोडिस्ट मंडळी वाटाघाटींत असूनही शेवटच्या क्षणी बाहेर राहिली. जे आले त्यांच्यापुढेही एक गाठ राहिली. बाळपणी ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे तो मोठेपणी, माझा खरा विश्वास आता जागा झाला, मला पाण्यात उतरवा, असे म्हणून पाळकाकडे आला, तर त्यास काय सांगावे? त्यास नाही म्हटले तर त्याचे अंतःकरण दुखावते. होय म्हटले तर त्याच्या आईबापांनी देवासमोर केलेले कृत्य व्यर्थ ठरविल्यासारखे होते. ह्यावर पुष्कळ चर्चा झाली आहे, आणि दोन्ही बाजूंची मने अद्याप पुरती जुळलेली नाहीत. तोवर ते दोघे, तो तरुण व त्याचा बाप, रविवारी एकाच भाकरीतून घेतात.