बादलीतलं पाणी तापेपर्यंत

पौषातली सकाळ. बादलीत रॉड सोडून मी मोरीपाशी बसलो होतो. 1000 वॉटचा रॉड. एरवी 25 मिनिटांत पाणी कढत होतं. आज अर्धा तास झाला तरी कोमटच. गल्लीतले लूम केव्हाच सुरू झाले होते. बऱ्हाणपुरात त्या खटखटीने आम्हाला जाग येत नाही. ती थांबली की येते.

शेजारचा वायरमन बोर्ड बघायला आला होता. रॉड बिघडला असणार, असं मी त्याला सांगून टाकलं. त्याने व्होल्टेज मोजलं: 184. मग एका तारेभोवती टाँगटेस्टरचा चिमटा बसवला. "साडेतीन अँपिअर. रॉड चांगला आहे, भाऊ. लाइनच दबलीय." एवढं बोलून तो गेला.

दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पंचांगाच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. 184 ला साडेतीनने भागलं: साधारण साडेबावन्न ओहम. हा रॉडचा रोध. आमच्या हिंदी शाळेत याला 'प्रतिरोध' म्हणत आणि नियम 'ओम'चा होता. जळगावच्या मामेभावाच्या पुस्तकात तोच 'रोध', आणि नियम 'ओहम'चा. दोन राज्यांच्या सीमेवर वाढलं की विज्ञानालाही दोन नावं मिळतात.

मग व्होल्टेज आणि प्रवाहाचा गुणाकार केला: 644 वॉट. चांगल्या दिवशी व्होल्टेज 230 असतं. आज ते पाचव्या हिश्शाने उतरलं, तर प्रवाहही तेवढाच उतरला, आणि दोघांच्या गुणाकारात उष्णता एक तृतीयांशाहून जास्त गेली. उणीव एकटी येत नाही. रॉडचा रोध मात्र होता तेवढाच होता. अर्धा तास मी उगाच त्याला नावं ठेवत होतो.

रॉडची वायर हाताला गार लागत होती. तिच्यातूनही तेच साडेतीन अँपिअर जात होते. प्रवाह दोघांतून सारखाच. तापला तो अडवणारा.

उरलेले 46 व्होल्ट कुठे गेले? ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या तारांनाही थोडा रोध असतोच. एकट्या माझ्या रॉडला तो जाणवलाही नसता. पण गल्लीभरच्या मोटरी एकदम ओढायला लागतात, तारेतला प्रवाह वाढतो, आणि व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं. तिथे झालेली ऊब कुणाच्याच अंघोळीला येत नाही.

गावाबाहेरचा कुंडी भंडारा आठवला. 1615 सालचा, मुघल सरदार खानखानांच्या काळातला. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंड्यांच्या रांगेखालून, गावाकडे येतं. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार. त्या पाण्याचं व्होल्टेज म्हणजे तो उतारच. खाली उतरलं की भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर दिसतात. उतार चारशे वर्षांपूर्वीचाच आहे. वाट तेवढी अरुंद होत चाललीय.

"तापलं का रे?" आतून आईने विचारलं.

स्विच बंद केला, प्लग काढला, मग बोट बुडवलं. अजून कोमटच. प्लग पुन्हा लावला.