आपलें निराळेपण आणि देशाची एकी

ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या देशबांधवांशीं किती एक व्हावें आणि कोठपर्यंत निराळें राहावें, हा प्रश्न शिरूर व दौंड तालुक्यांतील आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस नवा नाहीं. कोणी म्हणतात, "आपण प्रभूचे निवडलेले लोक, देशाच्या कारभाराशीं आपला काय संबंध?" दुसरे म्हणतात, "गांवांत सुखानें नांदावयाचें असेल, तर आपला विश्वास फारसा दाखवूं नये." हीं दोन मतें परस्परविरुद्ध दिसतात, तथापि दोहोंच्या मुळाशीं भीतीच आहे. म्हणून या विषयाचा शांतपणें विचार करूं.

प्रथम इतिहास पाहावा. १९३१ सालीं लंडन येथील दुसऱ्या गोलमेज परिषदेंत स्वतंत्र मतदारसंघ मागावे कीं नाहीं, याविषयीं ख्रिस्ती प्रतिनिधींतच दोन मतें होतीं. मद्रासकडील पन्नीरसेल्वम यांनीं त्या मागणीवर सही केली, डॉ. एस. के. दत्त यांनीं तिला विरोध केला. पुढें १९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतही ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र जागा मिळाल्या. परंतु देश स्वतंत्र होतांच, १९४७ च्या ऑगस्टांत, घटनासमितीनें स्वतंत्र मतदारसंघ रद्द केले. आणि १९४९ च्या मे महिन्यांत धर्माच्या पायावरील राखीव जागाही नकोत असें ठरलें. सल्लागार समितींत हा ठराव मांडणारे डॉ. एच. सी. मुकर्जी हे स्वतः ख्रिस्ती असून घटनासमितीचे उपाध्यक्ष होते. मात्र जागा सोडल्या म्हणून धर्म सोडला नाहीं. धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमांत सर्वांसाठीं नमूद झालें.

कोणी विचारील कीं, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें आपण देशांत शेंकडा सुमारें २.३, आणि महाराष्ट्रांत तर एकाहूनही कमी. अशा मूठभर लोकांचें गाऱ्हाणें कोण ऐकणार? हा आक्षेप हलका नव्हे. परंतु स्वतंत्र मतदारसंघांत आपला एक सभासद आपल्यासाठीं बोले, आणि बाकीच्या सभासदांस आपल्या मतांची गरज नसे. म्हणून आपल्या दुःखाचीही नसे. आज ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवारास आपल्या दारीं यावें लागतें. आपलीं मतें थोडीं असतील, पण तीं सर्वांच्या मतांत मिसळलेलीं आहेत.

प्रभूनें आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली. मीठ गाडग्यांतच राहिलें, तर भाकरीस चव येत नाहीं. पिठांत पडलें पण खारटपणा गेलेला असला, तरीही येत नाहीं. केडगांवच्या पंडिता रमाबाईंचें चरित्र हेंच शिकवितें. ख्रिस्ती झाल्यावर त्या १८८९ सालीं मुंबईस राष्ट्रीय सभेला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराश्रित मुलींस त्यांनीं आश्रय दिला. आणि पवित्र शास्त्राचें मूळ भाषांवरून मराठी भाषांतर केलें. देशावरील प्रीति व प्रभूवरील प्रीति यांपैकीं एक निवडावी असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनींही १९१७ सालीं "देवाचा दरबार" स्थापिला, तो बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठीं.

तरी एकी म्हणजे अन्याय मुकाट्यानें सोसणें नव्हे. आपल्या अनेक कुटुंबांच्या पूर्वजांनीं शिवाशिवीचें दुःख भोगलें आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ सालीं त्या शीखांस व १९९० सालीं बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस अद्याप नाहींत. हा भेद दूर व्हावा असें मागणें ही फुटीर वृत्ति आहे काय? नाहीं. मागणी पारखण्याची कसोटी सोपी आहे. जी मागणी शेजाऱ्यास बाहेर ठेवून आपल्यापुरती वेगळी पंगत मांडते, ती फुटीर. जी त्याच पंगतींत सर्वांबरोबर बसूं द्या म्हणते, ती एकीची. आणि हीच कसोटी आपण आपल्या मंडळींतील जुन्या जातिभेदांसही लावली पाहिजे. नाहीं तर आपलें बोलणें कोण मानील?

बाबेलांतील बंदिवानांस यिर्मयानें लिहून कळविलें कीं, तेथें घरें बांधा, मळे लावा, आणि त्या नगराच्या हितासाठीं प्रार्थना करा. ते तर परक्या देशांत होते. आपण आपल्या मायभूमींत आहों. घोड व भीमा या नद्यांचें पाणी कोणाचा धर्म विचारून वाहत नाहीं. मग पाण्याचा, शाळेचा किंवा रस्त्याचा विचार जेथें होतो, त्या ग्रामसभेंत ख्रिस्ती माणसाची जागा रिकामी कां असावी? प्रियहो, रविवारीं उपासनेंत देशासाठीं प्रार्थना करा, आणि ग्रामसभेच्या दिवशीं घरीं बसूं नका. तेथें सर्वांच्या हिताचें बोला. आणि कोणी विचारिलें कीं तुम्ही कोण, तर प्रभूचें नांव सांगावयास लाजूं नका.