निद्रेचा हक्क

भद्रावतीची रात्र कधी पुरती निजत नाही. गावाच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, आयुध निर्माणी आहे आणि नागपूर-चंद्रपूर महामार्ग गावाला लागूनच जातो. विजासनच्या टेकडीतील लेणी अंधारात बुडालेली असतात, तेव्हाही कोळशाचे ट्रक धावत असतात आणि रात्रपाळीची माणसे डबा घेऊन चौकात गाडीची वाट पाहत उभी असतात.

अशाच एका डंपरचालकाने जुमाच्या नमाजनंतर मला थांबवून विचारले, “चाचा, रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी पोहोचतो. फजर खाणीवर अदा होते. पण एकदा डोळा लागला की जोहर निघून जाते. मी गुन्हेगार आहे का?”

मी चटकन सांगितले, “एकचा गजर लावा.” तो म्हणाला, “लावून पाहिला. उठतो, नमाज पढतो, पण मग झोप येत नाही. टिनाचे छप्पर तापलेले, गल्लीत पोरांचा गोंगाट. रात्री डंपरवर डुलकी येते.”

माझे उत्तर चुकीचे नव्हते; ते अपुरे होते. झोप म्हणजे आळस, जागरण म्हणजे पुण्य, असे एक गणित आपल्या मनात नकळत बसलेले आहे आणि मीही त्याच गणिताने बोललो होतो.

पवित्र कुरआनचे गणित निराळे आहे. सूरह नबामध्ये निद्रेचा उल्लेख पृथ्वी, पर्वत आणि सूर्य यांच्यासोबत, अल्लाहच्या देणग्यांमध्ये येतो. सूरह रूममध्ये तर रात्रीची आणि दिवसाची अशी दोन्ही वेळची झोप त्याच्या निशाण्यांत गणली आहे आणि लगेच त्याच आयतीत त्याच्या कृपेचा, म्हणजे उपजीविकेचा, शोध येतो. रात्री राबून दिवसा निजणाऱ्याने ही आयत विसावा म्हणून वाचावी. आयतुल कुर्सीत डुलकी आणि निद्रा या दोन्हींपासून मुक्त असणे हा केवळ अल्लाहचा गुण सांगितला आहे. मग झोपेवाचून चालते अशी फुशारकी मारणारा माणूस नेमका कशाचा दावा करीत असतो?

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषित (स.) यांनी त्यांना रोखले आणि समजावले की शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही त्यांच्यावर हक्क आहे. येथे ‘हक्क’ हा शब्द मोलाचा आहे. हक्क बुडविणे म्हणजे दुसऱ्याचे देणे थकविणे. शरीर आपली मालमत्ता नसून अमानत असेल, तर त्याची झोप मारणे हा आपला खाजगी मामला राहत नाही.

वैद्यकशास्त्रही हेच थकलेले देणे मोजते. प्रौढ माणसाला दररोज किमान सात तास झोप लागते. ती वर्षानुवर्षे कमी पडली की रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि खिन्नता यांचा धोका वाढतो. शरीरातील हे घड्याळ पेशींत कसे चालते, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते घड्याळ प्रकाश-अंधारावर चालते; म्हणून दिवसाची झोप तासांनी भरली तरी बहुधा उथळ राहते. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली संभाव्य कर्करोगकारक ठरविले आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपण मद्याला हराम मानून त्यापासून दूर राहतो. पण लग्नाची रात्र जागून पहाटे कुटुंबाला घेऊन गाडी हाकणाऱ्याला आपण ‘हिंमतवाला’ म्हणतो. मद्याची हुर्मत आणि झोपेचा अभाव यांचा फिकही दर्जा एक नाही, हे खरे. पण रस्त्यावरून चाललेल्या निरपराध माणसाच्या जिवाला त्याने काय फरक पडतो?

आता डंपरचालकाच्या प्रश्नाकडे वळू. खैबरहून परतताना एका रात्री काफिला थांबला आणि पहाटेवर नजर ठेवण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांच्याकडे आले. ते उंटाला टेकून बसले आणि त्यांनाही झोप लागली. उन्हाने सर्वांना जाग आणली. प्रेषित (स.) यांनी बिलाल यांचा धिक्कार केला नाही, काफिला थोडा पुढे नेऊन त्यांनी अजान देवविली आणि नमाज अदा केली. झोपेत कसूर नसते, कसूर जागेपणी होते, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. अर्थात ती सवलत ढाल म्हणून वापरायची नव्हे. जागेपणी आपण काय तजवीज केली, हा प्रश्न उरतोच. रात्री दोनपर्यंत मोबाइल चाळून फजर गमावणारा आणि डंपर चालवून थकलेला, हे दोघे एका रांगेत बसत नाहीत.

तजवीज मला घरी परतताना सुचली, आणि थोडी लाजही वाटली. हनफी मतानुसार उन्हाळ्यात आपल्याकडे जोहरची वेळ साडेचारच्या पुढेपर्यंत राहते. नऊला निजून चारला उठले तर सलग सात तास झोप होते आणि नमाजही वेळेत होते. हिवाळ्यात ही वेळ आधी संपते, तेव्हा गजर साडेतीनचा. जमात सुटते, त्याबद्दल त्याने आलिमांना विचारावे. मी एकचा गजर सांगून त्याची झोप मधोमध तोडत होतो.

पण सात तास त्याला कोण देणार? हा हक्क केवळ त्याच्या निश्चयावर भागत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात निद्रेला जीविताच्या मूलभूत हक्कात स्थान दिले. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवसा निजणाऱ्याला हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी शेजारधर्मच हवा. आणि रात्रीचे म्हणाल, तर वरातीच्या डीजेवर बोट ठेवताना आपल्या जलशांचे कर्णे कोणाच्या खिडकीकडे तोंड करून असतात, तेही पाहावे. इशानंतर गप्पांत रमणे प्रेषित (स.) यांना आवडत नसे, ध्वनिक्षेपकावरील गप्पांबद्दल वेगळे काय सांगावे?

पुढच्या जुम्याला मी त्या बांधवाकडे गेलो. पत्नीने खिडकीला जुनी गोधडी टांगली होती आणि छपरावर तणसाचा थर पसरून कूलर सुरू केला होता. समोरच्या घरची म्हातारी आजी, बौद्ध कुटुंबातली, ओट्यावर बसून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना दुसऱ्या गल्लीत पिटाळत होती. मी दारावर थाप मारायला हात उचलला, तर तिने ओठांवर बोट ठेवले. साडेतीन वाजले होते. मी आवाज न करता तिच्याशेजारी ओट्यावर बसलो.