दोष कोणाच्या पदरी?

गेल्या महिन्यात शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "बाई, फॅशन शोमध्ये चालणे हे पाप आहे का?" तिने मोबाइलवर पॅरिसचा असा एक शो पाहिला होता. मी काही बोलण्याच्या आतच मागे बसलेले आमच्या मंडळीचे एक वडील उठून म्हणाले, "यशयाचा तिसरा अध्याय काढा." त्या अध्यायात सीयोनेच्या गर्विष्ठ कन्या, त्यांचे ठुमकत चालणे आणि त्यांचे पैंजण, चंद्रकोरी इत्यादी दागिने यांविषयी संदेष्ट्याने किती कडक शब्द काढले आहेत हे वाचकांना ठाऊक आहेच. ती वचने वाचून झाली, वर्ग सुटला, मुलगी गप्प घरी गेली.

मला मात्र चैन पडेना. घरी येऊन तोच अध्याय मी पहिल्या ओळीपासून वाचला. सीयोनेच्या कन्यांची पाळी येते त्याआधी परमेश्वर लोकांच्या वडिलांना व सरदारांना न्यायासाठी उभे करतो, आणि त्यांच्यावरचा आरोप नट्टापट्ट्याचा नाही, गरिबांना लुबाडून आपली घरे भरल्याचा आहे. आम्ही वर्गात मधूनच वाचायला सुरुवात केली होती.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी हे काम चालते कसे ते पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या चार शहरांत वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नव्या कपड्यांचे मोठे शो होतात. एक शो फार तर दहा-वीस मिनिटांचा. पण त्यात घेतले जावे म्हणून मुली कित्येक दिवस पायाला भिंगरी लावल्यासारख्या हिंडत असतात. रांगेत उभे राहायचे, पाळी आली की आठ-दहा पावले चालून दाखवायचे, फोटोंचे पुस्तक पुढे करायचे, 'थँक यू' ऐकायचे आणि जिना उतरायचा. नापसंत का केले हे सहसा कोणी सांगत नाही. नाकामुळे? कमरेमुळे? की यंदा तशा चेहऱ्याची चलती नाही म्हणून? ते तिने खोलीवर जाऊन आरशालाच विचारायचे.

पैशांची गोष्टही आपण समजतो तशी नाही. अ‍ॅश्ली मिअर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई स्वतः मॉडेल म्हणून काम केलेल्या. त्यांनी २०११ साली या धंद्यावर एक अभ्यासपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दिसते ते असे, की ज्या कामाला मान अधिक त्यात पैसे कमी. मोठ्या मासिकांतील फोटो आणि नामांकित शो यांत नाव मिळते पण हाती फारसे पडत नाही. कधी कधी तर पैशाऐवजी कपडेच मिळतात. ज्याला कोणी वाखाणत नाही त्या साध्या कॅटलॉगच्या कामावर पोट भरते. विमानाचे भाडे, राहण्याची खोली, फोटोंचा खर्च हे सर्व एजन्सी आगाऊ देते आणि मुलीच्या कमाईतून वळते करून घेते. कमाई झाली नाही तर मुलगी कर्ज घेऊन घरी परतते. वेठबिगारी पाहिलेल्या आपल्या देशातील माणसाला हा हिशेब फार समजावून सांगावा लागू नये.

पण खरी मेख कपड्यातच आहे. आपण शिंप्याकडे जातो तेव्हा त्याची टेप आपल्या अंगावर फिरते, आणि कपडा नीट बसला नाही तर आपण शिंप्याला बोल लावतो. येथे उलटे आहे. नमुन्याचा कपडा एका ठरावीक, अगदी अरुंद मापाने आधीच शिवून तयार असतो. शो झाल्यावर तोच कपडा मासिकांच्या फोटोंसाठी हिंडतो. तो बसला नाही तर चूक मुलीची. कपडा उसवायचा नाही, अंगच आत घ्यायचे.

या उलट्या मापाची किंमत २००६ साली जगाला दिसली. त्या वर्षी २ ऑगस्टला उरुग्वे देशाच्या मोन्टेविडिओ शहरात लुइसेल रामोस नावाची २२ वर्षांची मॉडेल शो चालू असतानाच कोसळली आणि हृदय बंद पडून मेली. तिने कित्येक दिवस धड अन्न घेतले नव्हते असे तेव्हा सांगितले गेले. १४ नोव्हेंबरला ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे आना कारोलिना रेस्टन ही २१ वर्षांची मुलगी उपासमारीच्या आजारातून उद्भवलेल्या विकारांनी इस्पितळात वारली. उंची सुमारे १७२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४० किलो. ही मुलगी गावातल्या सौंदर्यस्पर्धेपासून सुरुवात करून तेराव्या वर्षी या कामात आली होती. पुढे चीनमध्ये कामाला गेली असता तिला लठ्ठ म्हटले गेले. ती घरी पैसे पाठवीत असे. २००७ च्या फेब्रुवारीत लुइसेलची धाकटी बहीण एलिआना, तीही मॉडेलच, १८ व्या वर्षी घरी हृदयविकाराने गेली. एका आईने सहा-सात महिन्यांत दोन मुली गमावल्या.

हे कोणी केले? कपडे करणारा म्हणतो, सगळेच या मापाने शिवतात, मी एकटा काय करू? एजन्सी म्हणते, कपडे करणारे मागतात तशा मुली आम्ही पाठवतो. मासिक म्हणते, वाचकांना हेच आवडते. वाचक म्हणतो, मी काय, नुसते पाहिले. आणि सर्वजण मिळून म्हणतात, तिच्यावर जबरदस्ती कोणी केली होती? पिलाताने हात धुतले ते भांडे येथे हातोहात फिरते आहे, आणि प्रत्येकाला वाटते की पाणी अजून स्वच्छ आहे. दहा जणांनी मिळून ओझे उचलले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा भाग येतो हे खरे. पण दहा जणांनी मिळून एखाद्याला विहिरीत ढकलले तर प्रत्येकजण दहाव्या भागाचाच गुन्हेगार ठरतो काय? मला तसे वाटत नाही. ज्याने बोट लावले त्याच्याकडे पूर्ण हिशेब मागता येतो, असेच माझे मत आहे.

सप्टेंबर २००६ मध्ये स्पेनमधील माद्रिदच्या शोने एक नियम केला. वजन व उंची यांवरून काढलेला बॉडी मास इंडेक्स नावाचा आकडा १८ च्या खाली असेल तर मुलीला घ्यायचे नाही. म्हणजे १७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे वजन निदान ५५ किलो हवे. हेतू चांगला होता, आणि काहीच न करण्यापेक्षा हे बरे, असे मीही म्हणेन. तरी मन थोडे अडखळते. मोजून मोजूनच जिला आजारी केले, तिच्या रक्षणासाठी पुन्हा तिलाच काट्यावर उभे करायचे, आणि आकडा कमी आला तर घरी जाणार कोण, तर तीच. फ्रान्समध्येही प्रथम अशाच आकड्याचा विचार झाला होता. पण २०१७ च्या मे महिन्यापासून तेथे जो कायदा लागू झाला त्यात डॉक्टरने मुलीची प्रकृती एकंदरीत तपासून दाखला द्यावा असे आहे, आणि दाखल्याशिवाय काम दिले तर शिक्षा काम देणाऱ्याला : सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ७५,००० युरोपर्यंत दंड. बोट योग्य माणसाकडे वळले ते येथे. न्यूयॉर्क राज्यातही मॉडेलांनी स्वतः संघटित होऊन खटपट केली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये एजन्सींना वेसण घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. तो २०२५ च्या जूनमध्ये अमलात आला.

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग हे कामच बंद व्हावे. मला तसे म्हणवत नाही. १९७७ साली सुदानमधील वाऊ येथे दिंका जमातीत जन्मलेली अलेक वेक यादवीमुळे परागंदा झाली आणि १९९१ मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंडला पोहोचली. १९९५ साली लंडनच्या एका बाजारात तिला एका एजन्सीच्या माणसाने हेरले. दोन वर्षांत तिचा गडद काळा चेहरा 'एल' मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आला. पुढे २०१४ साली लुपिता न्योंगो या केनियन नटीने एका भाषणात सांगितले, की लहानपणी ती देवाजवळ आपली कातडी उजळ करण्याची प्रार्थना करीत असे, आणि अलेक वेकला सगळे सुंदर म्हणतात हे पाहिल्यावर तिच्या मनातील काहीतरी बदलले. एका मुलीच्या चालण्याने दुसऱ्या मुलीची अशी प्रार्थना थांबली. आमच्या वर्गात अशा प्रार्थना होत नसतील असे ज्या शिक्षकाला वाटते त्याने स्थळांच्या जाहिराती वाचाव्यात. गोरी, उंच, सडपातळ. ख्रिस्ती कुटुंबांच्या जाहिरातींतही हे शब्द असतात, आणि 'मंडळीच्या कामाची आवड असलेली' हे शब्द त्यांच्यानंतर येतात.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला सांगितले की चालणे हे पाप नाही. चांगला कपडा नीट चालून दाखवणे हे कसबाचे काम आहे, आणि त्यात तासन् तास उभे राहावे लागते. बघणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ बोलण्यासारखे आहे, असेही म्हणाले. तिने विचारले, "म्हणजे आपण बघायचेच नाही?" मी म्हटले, विचार करून सांगते.

विचार करताना मला रतलामची एक दुपार आठवली. माझे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती आणि धाकट्या दिरासाठी मुलगी पाहायला आम्ही पाच जण इंदूरहून गेलो होतो. चहा झाला, प्रार्थना झाली. मुलीने एक गीतही म्हटले. मग सासूबाईंनी मला डोळ्याने खुणावले. घरातली शिकलेली सून मी, म्हणून विचारण्याचे काम माझ्याकडे होते. मी हसून म्हटले, "जरा त्या दारापर्यंत चालून दाखवता का?" ती उठली. दारापर्यंत गेली, वळली, परत आली. तिची आई पदराचे टोक बोटाला गुंडाळीत भिंतीशी उभी होती. खोलीत कोणी बोलत नव्हते.

चालण्यात काही व्यंग नव्हते. रंग सावळा होता. आठ दिवसांनी नकाराचे पत्र गेले, तेही माझ्याच अक्षरात. कारण आम्ही लिहिले नाही. प्रभूची इच्छा दिसत नाही, एवढेच मी लिहिले होते.