छतावरून पोटमाळा दिसत नाही

नकाशा जितका बारीक होत जातो, तितका तो न्याय्य होतो का? माझं पोटच या प्रश्नावर चालतं, त्यामुळे तो टाळता येत नाही. मी जीआयएसमध्ये काम करते. उपग्रहाची किंवा ड्रोनची प्रतिमा उघडायची, झूम करायचं, एकेका छपराभोवती माऊसने रेघ ओढायची आणि शेजारच्या तक्त्यात माहिती भरायची. आम्ही याला पॉलिगॉन मारणं म्हणतो. शहराचा विकास आराखडा म्हणून जे काही छापलं जातं, त्याच्या तळाशी असे ढीगभर पॉलिगॉन असतात.

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे परवानग्यांचे जुने निर्बंध बरेच सैल केले. 2022 च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात तर 2030 पर्यंत शहरं आणि गावं 5 ते 10 सेंटीमीटर इतक्या बारकाईने मोजायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे पत्र्यावर ठेवलेला दगडसुद्धा दिसेल. आमच्या क्षेत्रात याचा आनंद आहे, मलाही आहे. कारण गरिबांची जुनी अडचण ही होती की ते नकाशात नव्हतेच. पन्नास वर्षं जुनी वस्ती आराखड्यात कोरी जागा किंवा बागेचं आरक्षण म्हणून दिसायची. पाण्याची लाईन का नाही, असं विचारलं की उत्तर तयार, आमच्या नकाशात इथे घरंच नाहीत. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन माहिती गोळा केली, ती नकाशावर चढवली आणि कुठल्या घराला संडास नाही, जवळची ड्रेनेज लाईन कुठून जाते, हे दाखवून दिलं. तिथे नकाशामुळे घरात संडास आले. याला मी छोटी गोष्ट म्हणणार नाही.

पण एकदा वस्तीत पडताळणीला गेले होते. टॅब्लेटवर प्रत्येक घराचा बिंदू तपासायचा होता. एका आजींनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे नळासाठी आहे का पाडायला?" मी नळासाठी म्हणाले, आणि त्या कामापुरतं ते खरंही होतं. पण फाईल तीच राहते. उद्या कुणी रस्तारुंदीचा थर तिच्यावर टाकला की त्याच बिंदूंची यादी दोन क्लिकमध्ये बाधित घरांची यादी होते. आजींचा प्रश्न डेटाच्या अचूकतेबद्दल नव्हता.

मग नकाशात नसलेलंच बरं, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. घर पाडायला आलेल्या माणसासमोर नकाशात नसणं हे संरक्षण नसतं, तो उलट पुरावा ठरतो.

धारावीचं उदाहरण घ्या. तिथे 2024 मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात ड्रोन आहेत, लेझरने मोजणारं लायडार आहे. तंत्र उत्तमच म्हणायला हवं. पण फुकट घर कुणाला, याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही तळमजल्यावर राहता का, आणि 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहता का. यातलं काय वरून दिसतं? छप्पर दिसतं. त्याखालचा पोटमाळा, तिथे लोखंडी शिडीने चढणारं दुसरं कुटुंब, ते भाडेकरू आहे की धाकट्या भावाचं, हे दिसत नाही. लायडार उंची सांगेल, नातं सांगणार नाही. आणि तारीख? एक मीटर बारकाईची चित्रं विकणारा पहिला उपग्रह, आयकोनॉस, सप्टेंबर 1999 मध्ये अवकाशात गेला. दहा बाय पंधराची खोली त्याच्या चित्रात जेमतेम चौदा ठिपक्यांची. म्हणजे अखेर सगळं येतं विजेच्या बिलावर, मतदारयादीवर आणि पावसाळ्यात ट्रंकेत कागद कोरडे ठेवणाऱ्या बाईवर.

मला खटकतं ते इथे. नकाशा 'कुठे' याचं उत्तर सेंटीमीटरमध्ये देतो. नियोजनाला मात्र 'कुणाचं' आणि 'कधीपासून' हेही ठरवायचं असतं. पहिल्या उत्तराची अचूकता बघून आपण बाकीच्या दोन उत्तरांवरही विश्वास टाकतो. कागदी नकाशावर शंका घ्यायला लोक कचरत नसत. आता स्क्रीनवर रंगीत थर दिसले की नगरसेवकही गप्प होतो. (तक्त्यात आम्ही बऱ्याचदा 'अज्ञात' लिहितो. छापील नकाशात त्याला रंगच नसतो.)

दुसरी बाजूही आहे. ज्याला दिसलं, त्याला 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. वाढीव खोली ड्रोनला दिसली की मालमत्ता कराची नोटीस यावी आणि त्याच चित्रात गल्लीत साचलेलं पाणी दिसूनही कुणी येऊ नये, हा तंत्रज्ञानाचा दोष नाही. बघणाऱ्याने काय बघायचं ते आधीच ठरवलेलं असतं. माझ्या मते एखाद्या वस्तीचं चित्र कर वसूल करायला वापरणारी यंत्रणा त्याच चित्रातल्या गटारालाही बांधील आहे. हे कायद्यात लिहिलेलं नसलं, तरी नैतिकदृष्ट्या दोन्ही एकाच नजरेचं देणं आहे.

ही नजर जमिनीवर आणायची रीत अगदीच नवी नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडायच्या आधी गावकरी, ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेखचे लोक मिळून घरांच्या हद्दी चुन्याने आखतात. शेजारी समोर उभा असतो, तंटा तिथेच होतो. मग ड्रोन तो चुना टिपतो. नकाशा तयार झाल्यावर पुन्हा चौकशी आणि हरकती, मग सनद. गावातही सगळं सरळ होतं असं नाही. बायकांची नावं किती लागतात, गावठाणाबाहेरच्यांचं काय, हे प्रश्न आहेतच. पण क्रम बघा, आधी माणसं बोलतात आणि मग कॅमेरा बघतो.

शहरात क्रम उलटा आहे. मुंबईच्या आराखड्याचा 2015 चा मसुदा इतक्या चुकांनी भरलेला होता की मुख्यमंत्र्यांना तो नव्याने दुरुस्त करायला लावावा लागला. नकाशा आधी आला, हरकतींचे गठ्ठे नंतर. हरकत नोंदवायला नकाशा वाचता यावा लागतो, सर्व्हे नंबर माहीत असावा लागतो, एक दिवसाचा रोज बुडवावा लागतो.

वस्तीच्या चार फुटी बोळात चुना कुठे मारणार, असं ऑफिसातला एक सहकारी हसून विचारतो. त्याचं बरोबर आहे, तिथे भिंतीला भिंत आहे. पोटमाळ्याची हद्द तर हवेत असते. मी सध्या एवढंच करते की पडताळणीला जाताना वस्तीच्या नकाशाची मोठी छापील प्रत नेते आणि सार्वजनिक नळाजवळ लावते. लोक आधी स्वतःचं घर शोधतात, मग शेजाऱ्याचं, आणि अर्ध्या तासात भांडायला लागतात.