गोष्टीला हुंकार

ऑडिओबुकाच्या अ‍ॅपमध्ये वेगाचा एक आकडा असतो. गोष्ट एकपटीनं ऐकायची, सव्वापटीनं, दीडपटीनं की दुपटीनं, ते आपण ठरवायचं. बातम्या, भाषणं, अभ्यासाचे तास दीडपटीनं ऐकले तर फारसं बिघडत नाही. पण माझ्या ओळखीतले कितीतरी जण रहस्यकथाही दीडपटीनं ऐकतात. खुनी कोण ते लवकर कळावं म्हणून. मला हे पटत नाही, आणि आज सकाळी तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे. मी छत्तीसगढमधल्या कुम्हारीला राहते. कामाला भिलाईला जाते, लोकलनं. कुम्हारी सुटली की देवबलोदा चरोदा, मग भिलाई, मग माझं उतरायचं ठिकाण पॉवर हाउस. चरोद्याच्या मोठ्या यार्डापाशी एखाद्या मालगाडीला वाट द्यायला थांबलो तर जरा उशीर, नाहीतर प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. तेवढ्यात एक प्रकरण धड पुरं होत नाही. तरी मी वेग एकपटच ठेवते. पॉवर हाउस आलं की गोष्ट जिथं असेल तिथं थांबवते. मग दिवसभर हात काम करत असतात आणि मनाच्या एका कोपऱ्यात प्रश्न चालू असतो : तो माणूस जिना उतरून गेला, तर खोलीत दिवा कुणी लावला? जेवणाच्या सुटीत मी दोन-तीन उत्तरं जुळवते. संध्याकाळपर्यंत त्यातली बहुतेक खोटी ठरलेली असतात. गोष्टीचा हा वाटा कुठल्याच अ‍ॅपमध्ये नसतो. तो ऐकणाऱ्यानं स्वतः घालायचा असतो, आणि घाईत असलेल्याला तो मिळत नाही.

छापलेली रहस्यकथा वाचताना डोळा हळूच पुढं धावतो. परिच्छेद अर्धा सोडून खालच्या ओळीतलं नाव टिपतो. फारच राहवलं नाही तर शेवटचं पानही उलटून बघतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या कथा वाचत मोठ्या झालेल्या पिढीला हा मोह चांगला ठाऊक आहे. कानाला असं पुढं पळता येत नाही. कान शब्दामागून शब्द घेतो. दार उघडायला लेखकानं चार वाक्यं लावली असतील, तर कानाला चारही वाक्यं दाराबाहेर उभं राहावं लागतं. भय तिथंच दाटत जातं. नारायण धारपांची भयकथा चांगल्या आवाजात ऐकून बघा. ते पुष्कळदा अगदी साध्या घरापासून, साध्या माणसांपासून सुरुवात करतात. वाचणारा ते साधेपणानंच वाचत असेल, तर पुढं अंगावर काटा येतो. पहिल्या ओळीपासून आवाज कापरा करून, मागं ढोल-ताशे लावून वाचलं, की घाबरायला आपल्यासाठी काही शिल्लक राहत नाही. कुजबुजीबद्दलही माझं मत पक्कं आहे. स्टुडिओत ती छान वाटत असेल, पण लोकलच्या खडखडाटात नेमकं तेच वाक्य हरवतं आणि पुराव्याचा धागा तुटतो. स्पष्ट, थोडा सावकाश, नाटकीपणा नसलेला आवाज मिळाला की निम्मं पुस्तक तिथंच जिंकलं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव जाऊन कथाकथन करायचे, तेव्हा त्यांच्यापाशी नुसता आवाजच होता आणि लोकांना तो पुरायचा. अद्भुतकथेचं मात्र थोडं वेगळं आहे. ती आपल्याकडं काल आलेली नाही. मराठीत लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, आणि हिंदीत देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ची. त्या ‘चंद्रकांता’तले ऐयार म्हणजे बहुरूपी हेर आणि तिलिस्म म्हणजे मायावी भुलभुलैया, यांच्यासाठी लोक हिंदी वाचायला शिकले, असं इकडं अजून सांगतात. नव्या अद्भुतकथेत राज्यं नवी, देव नवे, माणसांची नावं जिभेवर न बसणारी. पुस्तकात सुरुवातीला नकाशा असतो, ऐकताना तो नसतो. म्हणून मी डायरीच्या शेवटच्या पानावर नावं लिहून ठेवते. कोण कुणाचा भाऊ, कोणता किल्ला कुणाचा. पहिली तीन-चार प्रकरणं कानाला तिथं वस्ती करायला द्यावी लागतात. त्याआधीच ‘काही कळत नाही’ म्हणून पुस्तक सोडणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. थोडं थांबले असते तर कळलं असतं. एक अपेक्षा मात्र मी लेखकाकडून ठेवते. जादूला काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे. मंत्र म्हटला आणि संकट टळलं, असं दोनदा झालं की तिसऱ्या संकटाच्या वेळी मी खिडकीबाहेर बघू लागते.

ऐकण्याबद्दल जे काही मी शिकले, ते मात्र याच मातीतून. छत्तीसगढच्या पंडवानीत महाभारत सांगणाऱ्या गायकाशेजारी एक साथीदार असतो. त्याला रागी म्हणतात. गायकानं एक प्रसंग सांगितला की रागी हुंकार देतो. ‘हौ’ म्हणतो, ‘मग?’ असं विचारतो, कधी नवल करतो, कधी शंका काढतो. गावातल्या प्रत्येक माणसाच्या मनात आलेला प्रश्न तो एकटा विचारतो. त्याच्यावाचून पंडवानी उभी राहत नाही. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई याच दुर्ग-भिलाई भागातल्या, गनियारी गावच्या. महाभारत त्यांनी लहानपणी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलं. तेव्हा बायकांनी बसून, वेदमती शैलीत गायचं अशी रीत होती. त्या उभ्या राहून कापालिक शैलीत गायल्या. हातात एक तंबुरा. तोच भीमाची गदा, तोच अर्जुनाचं धनुष्य. पुढं त्यांनी भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी केली, जगभर कार्यक्रम केले, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. महाभारताचा शेवट तर पंडवानी ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तरी दुःशासन सभेत शिरला की लोक श्वास रोखून धरतात. म्हणजे पुढं काय होणार एवढ्यावरच थरार उभा नसतो. सांगणारा आणि ऐकणारा दोघंही त्या क्षणी तिथं हजर असावी लागतात. रागीचं हे काम मला जवळून कळलं ते लोकलमध्ये. एकदा गाडी देवबलोद्याजवळ थांबली होती. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या कानाकडं बोट करून विचारलं, “काय ऐकतेस, नोनी?” रहस्यकथा, म्हटलं. “मग ही ऐक,” म्हणाले आणि सुरू झाले. देवबलोद्याला कलचुरी काळातलं महादेवाचं जुनं मंदिर आहे. त्याला शिखर नाही. का नाही? तर सांगतात की कारागीर रात्री अंगावर वस्त्र न ठेवता मंदिर घडवत असे. त्याची बायको रोज रात्री जेवण घेऊन येई. इथं आजोबा थांबले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते काही बोलेनात. मग माझ्या लक्षात आलं आणि मी “हौ” म्हटलं. आजोबा पुढं निघाले. एके रात्री बायकोऐवजी बहीण जेवण घेऊन आली. पुन्हा थांबले. “हौ.” वरून त्याला बहीण दिसली. लाजेनं त्यानं शेजारच्या कुंडात उडी टाकली. ते बघून बहिणीनंही जवळच्या तळ्यात उडी घेतली. तिच्या हातात पाण्याचा करसा होता, म्हणून त्या तळ्याला करसा तलाव म्हणतात. आणि कारागीर? कुंडाच्या आतून एक भुयार होतं. त्यातून तो थेट रायपूरच्या पलीकडं आरंगला निघाला, आणि तिथं दगड झाला. मंदिर अपुरं राहिलं ते राहिलंच. गाडी हलली तेव्हा आजोबांचं बोलणं संपलेलं होतं, माझे प्रश्न संपले नव्हते. बहीण त्या दिवशी का आली? बायको कुठं होती? आजोबांनी दोन्ही प्रश्न ऐकून घेतले आणि समाधानानं मान हलवली. उत्तर दिलं नाही. अद्भुत आणि रहस्य, दोन्ही त्या पाच मिनिटांत होतं. शिवाय गोष्ट पुढं जायला माझ्या ‘हौ’ची गरज होती, हे मला फार आवडलं.

इअरफोनमधल्या आवाजाला आपला हुंकार ऐकू जात नाही हे खरं. पण तो द्यायची सवय ठेवता येते. मनातल्या मनात ‘हं’ म्हणायचं, ‘हे कसं काय?’ असं अडवायचं, पटलं नाही तर तीस सेकंद मागं जाऊन पुन्हा ऐकायचं. असं ऐकलं की दुसरं काम आपोआप बाजूला पडतं. मोबाइलवर निरोप वाचत वाचत हुंकार देता येत नाही. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना तर या ऐकण्याचा आणखी एक लाभ झाला. इथं मराठी पुस्तक सहज हाती लागत नाही. २०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप भारतात आलं, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीही घेऊन आलं, आणि आमचं काम सोपं झालं. इथली मुलं हिंदी वातावरणात वाढतात. देवनागरी त्यांना वाचता येते, पण ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि ‘चमचा’तला च कुठला अन् ‘चहा’तला कुठला हे छापील अक्षर सांगत नाही. माझा भाचा भुतांच्या गोष्टी ऐकता ऐकता ‘काळोख’ नीट म्हणायला शिकला. भाषा शिकायची म्हणून त्याला बसवलं असतं तर तो बसला नसता. त्याच्या आजींचा मात्र या ऐकण्याला आधी विरोध होता. घरात प्रत्येकाच्या कानात काहीतरी असेल तर बोलायचं कुणाशी, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. म्हणून आता रात्री जेवणानंतर गोष्ट मोबाइलवर मोठ्यानं लावतो, सगळ्यांसाठी एकच. मध्येच थांबवून आजी विचारतात, “थांब गं, हा दुसरा मनुष्य कोण?” मग भाचा त्यांना समजावून सांगतो. कित्येकदा गोष्ट तिथंच राहते आणि आजी त्यांच्या माहेरच्या वाड्यातली गोष्ट सुरू करतात. ती वीसदा ऐकलेली असली तरी आम्ही पुढं ढकलत नाही. हुंकार देतो. त्याही मग घाई न करता सांगतात, आणि दरवेळी त्या गोष्टीत काहीतरी नवं निघतं. परवा पहिल्यांदाच कळलं की वाड्यातली ती बंद खोली आजींच्या वडिलांनी एकदा उघडली होती. वेग वाढवलेल्या घरात हे कुणी सांगितलं नसतं, कुणाला ऐकूही आलं नसतं. तर आज कामाला निघताना एवढं करा. अ‍ॅपमधला वेग एकावर आणा. रूळ ओलांडताना आणि हमरस्त्यावर गाडी चालवताना कान मोकळे ठेवा, गोष्ट कुठं पळून जात नाही. जागेवर नीट बसलात की सुरू करा. उतरायचं ठिकाण आलं की ऐन प्रसंगात असलात तरी थांबवा, आणि पुढं काय झालं असेल ते दिवसभर स्वतः रचून बघा. संध्याकाळी घरात कुणी काही सांगायला लागलं, तर हातातलं बाजूला ठेवून त्यांना ‘मग?’ असं जरूर विचारा.