अनुमोदना

अगाथा ख्रिस्ती यांचं ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं. त्यानंतर चार-पाच वेळा तरी वाचलं असेल. १९३४ सालचं पुस्तक. बर्फात अडकलेली आगगाडी, आतून कडी लावलेली खोली आणि एका माणसाच्या अंगावर १२ वार. परवा नात सुट्टीला आली होती. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि आम्ही दोघी सिडनी ल्युमेट यांनी केलेला १९७४ सालचा सिनेमा बघायला बसलो. पुस्तक वाचायचं असेल तर आधी वाचा, कारण पुढं मी सगळंच सांगणार आहे.

मेलेल्या माणसानं पूर्वी एका लहान मुलीला पळवून, पैसे घेऊनही मारलेलं असतं. त्या धक्क्यानं तिचं सगळं घर उद्ध्वस्त होतं, आणि हा मात्र पैशाच्या जोरावर कोर्टातून सुटतो. मग त्या घरावर जीव असलेली माणसं, आजीपासून स्वयंपाकिणीपर्यंत, मिळून त्याला संपवतात. गुप्तहेर प्वारो सगळं ओळखतो आणि तरी त्यांना जाऊ देतो.

पुस्तकात हा खून आपल्याला दिसत नाही. प्वारो नंतर उलगडून सांगतो, आणि आपण कोडं सुटल्याच्या आनंदात असतो. सिनेमात मात्र एकेक जण सुरी हातात घेतो आणि वार करतो. ते बघताना माझ्या लक्षात आलं, प्रत्येक वाराला मी मनात म्हणतेय, ‘बरं झालं!’

लहानपणी आईनं जपमाळेच्या १०८ मण्यांचा हिशेब सांगितला होता. संरंभ, समारंभ, आरंभ. मन, वचन, काया. कृत, कारित, अनुमोदन. क्रोध, मान, माया, लोभ. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. पाप आत यायच्या एवढ्या वाटा. नुसतं मनातून ‘बरं झालं’ म्हणणं हीसुद्धा त्यातलीच वाट. सिनेमातलं रक्त खोटं होतं, पण माझा आनंद खरा होता.

नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आजी, आपल्यात स्वतःला वाचवताना झालेली हिंसा गृहस्थाला सुटत नाही म्हणतात ना?”

“ती विरोधी हिंसा. हा तर औषध देऊन झोपवलेला माणूस होता. ही संकल्पी.”

“आणि मोकळा राहून त्यानं आणखी एखादं पोर उचललं असतं तर?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण गोष्टीतलीच एक मोलकरीण आठवली. पोलिसांनी तिच्यावर संशय घेतला, तिनं खिडकीतून उडी टाकली, आणि ती निर्दोष निघाली. तिचा बापही त्या बारा जणांत आहे. संशय घेणाऱ्यांनाही खात्री वाटलीच असेल की! बारा जणांची खात्री खरी ठरली, कारण लेखिकेनंच तो माणूस आधी दोषी करून ठेवलाय. आपल्याला तशी हमी कोण देणार?

२०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. मीही इथं स्वयंपाकघरात टीव्हीचा आवाज वाढवून ‘बरं झालं’ म्हटलं होतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या आयोगानं सांगितलं, ती चकमक खरी नव्हती. तोवर माझं ‘बरं झालं’ म्हणून झालं होतं.

“पण त्या मुलीची आजी तू असतीस तर?” नातीनं शेवटी विचारलंच.

मी सुरी उचलली नसती, असं छातीवर हात ठेवून मला सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं, “उचलली असती, तर त्यांच्यासारखं शेवटी ग्लासला ग्लास लावून मला हसता आलं नसतं.”

त्या रात्री प्रतिक्रमण करताना २०१९ चं ते ‘बरं झालं’ही आठवून घेतलं.